हॉटेलात तेल नेमकं कधी पडतं

बेळगावात नेहरूनगरच्या केएलई इस्पितळात किंवा शहरातल्या कुठल्याही लॅबमध्ये सकाळी कोलेस्टेरॉलसाठी रक्त देऊन आलेली माणसं लगेच ओळखू येतात. कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा, काखेत फाइल, आणि रात्रीपासून दहा-बारा तास पोट रिकामं. खानापूर, हुक्केरी, चंदगडकडून पहिल्या बसनं आलेली असतात. समोरच्या हॉटेलात शिरतात आणि पुरीभाजी सांगून मोकळी होतात. भूक लागलेली असते, आणि तेवढ्याच पैशांत त्याच टेबलावर दुसरं काय मागवता आलं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘बाहेरचं खाऊ नका’ एवढं डॉक्टर सांगतात. पण कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, बाजार, इस्पितळ अशा कामांनी सीमाभागातल्या माणसाला बेळगावला यावंच लागतं. आला की दुपारचं जेवण बाहेर होतं. तेव्हा बाहेर खाणार हे धरूनच बोलायला हवं.

हॉटेलातला पदार्थ दोन टप्प्यांत तयार होतो. पहिला टप्पा पहाटे भटारखान्यात. सांबार, चटणी, डोशाचं पीठ, पंजाबी भाज्यांची कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, मटणाचा रस्सा हे सगळं आपण बसमध्ये असतानाच मीठ-तेल घालून झालेलं असतं. दुसरा टप्पा ऑर्डर आत गेल्यावरचा. तव्यावरचं तेल, वरून पडणारं लोणी, डाळीची फोडणी, रोटीवरचा बटरचा हात, ताकातलं मीठ या गोष्टी तेव्हा ठरतात. पहिल्या टप्प्यातलं काही बदलून मिळत नाही. ते घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर किती, एवढंच आपल्या हातात राहतं. दुसऱ्या टप्प्यातलं मात्र सांगून बदलता येतं. हा फरक कळला की वेटरशी हुज्जत घालावी लागत नाही. ‘सांबारात मीठ कमी करा’ असं म्हणणाऱ्याला वेटर हसतो, आणि त्याचं बरोबरच असतं. ‘डाळीला तडका अर्धाच द्या’ म्हटलं तर ‘होय की’ म्हणून तो आत सांगतो.

हिशेबाला आधार म्हणून दोन आकडे पुरतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठं काम करणाऱ्या माणसाला वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम पुरे म्हणते, म्हणजे साडेचार-साडेपाच छोटे चमचे, तिन्ही वेळचे मिळून. आणि जागतिक आरोग्य संघटनेचा मिठाचा आकडा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. रक्तदाबाचा माणूस तेलाकडे बघतो आणि मीठ विसरतो. हॉटेलात उलटं पाहावं लागतं, कारण तेल तरंगताना दिसतं, मीठ दिसत नाही. चवीला बरोबर लागणाऱ्या कुठल्याही पातळ पदार्थात शेकडा एकच्या आसपास मीठ असतं. दीडशे मिलीची एक वाटी सांबार म्हणजे दीड ग्रॅम. वाढपी बादली घेऊन फिरतोय म्हणून तीन वाट्या झाल्या की साडेचार ग्रॅम तिथंच संपले, आणि इडलीच्या पिठातलं मीठ तर अजून मोजलेलंच नाही.

तरीही सकाळच्या वेळी उडपी हॉटेल हृदयाच्या माणसाला सगळ्यात सोयीचं. दोन इडल्या वाफेवरच्या, तेलाचा थेंब नाही. सांबार वाटीत वेगळं मागवायचं आणि इडली त्यात बुडवून घ्यायची. आधीच सांबारात पोहत आलेली इडली घ्यायची नाही, कारण ती स्पंजासारखी मीठ पिऊन येते. वडा डिप तर तेल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो. उप्पीट वरवर साधं दिसतं, पण मोठ्या पातेल्यातलं उप्पीट गोळा होऊ नये, चकचकीत राहावं म्हणून त्यात हात सैल सोडून तेल किंवा डालडा पडतो. बशी उचलल्यावर खाली तेलाचं वर्तुळ राहत असेल तर ते उप्पीट सोडलेलं बरं. शिऱ्याचं काही विचारूच नका. प्रसादाच्या शिऱ्याचं मापच रवा, साखर, तूप सव्वा-सव्वा. हॉटेलवाला तूप थोडं मारत असेल, साखर मारत नाही. चौचौ भात, म्हणजे एकाच बशीत उप्पीट आणि शिरा, मागवणाऱ्यानं दोघांत एक घ्यावा आणि शिऱ्याची मूद समोरच्याकडे सरकवावी.

डोशाचं जरा सविस्तर बघू, कारण तो डोळ्यांसमोर होतो. तवा तापला की आचारी पाणी शिंपडतो, झाडूनं पुसतो, अर्ध्या कांद्यानं किंवा फडक्यानं तेलाचा हात फिरवतो, पळीनं पीठ पसरतो. इथवर तेल नगण्य. मग डबा उचलून कडेनं तेलाची धार सोडतो, आणि लोणी डोसा असेल तर मधोमध लोण्याचा गोळा टाकून उलथण्यानं फिरवतो. खरा खर्च या दोन हालचालींत आहे. दोन-तीन चमचे सहज जातात. म्हणजे निम्म्या दिवसाचा कोटा एका डोशात. रुळलेल्या तव्यावर डोसा सुटायला या धारेची गरज नसते. ती कुरकुरीतपणासाठी आणि रंगासाठी असते. तेव्हा पीठ तव्यावर पडण्याआधी सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही. ‘अण्णा, एण्णी कडिमी हाक्री (तेल कमी घाला), लोणी नको’ असं सांगितलं की काम होतं. असा डोसा मऊ येतो आणि गार झाला की चामट लागतो, म्हणून आल्या आल्या खायचा. आतली बटाट्याची भाजी सकाळीच फोडणी देऊन ठेवलेली असते, तिच्यात आपलं काही चालत नाही. ती नको असेल तर साधा डोसा घ्यावा. ओल्या नारळाच्या चटणीनं घाबरून जायचं कारण नाही. दोन चमचे चटणी आणि वाटीभर चटणी यांत मात्र फरक आहे, कारण नारळातली चरबी जवळजवळ सगळी संतृप्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी.

तेल कुठलं हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, खरं तर तो विचारायला हवा. हॉटेलात तळणाला बहुधा पामतेल असतं, कारण ते स्वस्त पडतं आणि कढईत टिकतं. त्यातली निम्मी चरबी संतृप्त. शेंगतेलात तेच प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास, सूर्यफुलाच्या तेलात दहाव्या. तुपात साठ टक्क्यांच्या वर. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. ते चांगलं झालं, पण त्यामुळे डालडा निर्दोष झाला असं नाही. त्यातली संतृप्त चरबी तशीच आहे.

आता दुपार. सीमाभागात जेवणाची जी जुनी रीत आहे, लिंगायत खानावळीची, तिच्याइतकं सोयीचं ताट मला तरी दुसरं माहीत नाही. ज्वारीची भाकरी किंवा कडक रोट्टी, त्यात ना मीठ ना तेल. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ. एक पालेभाजी, मेथी किंवा शेपू, बऱ्याचदा मुगाच्या डाळीत. कच्चा कांदा, काकडी, गाजर, कधी मुळा, तर कधी मेथीची कच्ची पानं. शेंगाचटणी, कारळ्याची किंवा जवसाची चटणी. वाटीभर दही. ज्वारीच्या आणि उसळीच्या चोथ्यानं पोट भरतं, साखर हळू चढते. जवसात मासे न खाणाऱ्याला मिळू शकणारं वनस्पतीजन्य ओमेगा-३ असतं. शेंगदाण्यातली चरबी बहुतेक असंतृप्त.

मग अडतं कुठे? एण्णेगाईच्या वाटीत. भरलेल्या वांग्याचा मसाला शेंगदाणा, तीळ, खोबऱ्याचा. तो तेलात परतताना तेल पिऊन घेतो आणि शिजताना वर सोडतो. वांगं स्वतःही तेल शोषतं. वाटी आली की लगेच भाकरी बुडवू नये. वाटी एका बाजूला कलती करून दोन मिनिटं ठेवावी, तेल एका कडेला जमतं. वरच्या कडेचं वांगं चमच्यानं उचलून ताटात घ्यावं, तेल वाटीतच राहू द्यावं. दोन मोठे चमचे तेल असं मागे राहिलं तर अडीचशेच्या आसपास कॅलरी वाचतात. भाकरीचा तुकडा तळातून फिरवून वाटी पुसून खाणं ही आपल्याकडची सवय, अन्नाला मान देण्याची; एण्णेगाईपुरती ती मोडावी.

दुसरी अडचण ताटाच्या डाव्या बाजूची. चटणी, लोणचं, रंजका, पापड, तळलेली सांडगी मिरची या सगळ्यांत मीठ ठासून. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, त्यातही सोडियमच. एका मध्यम पापडामागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ धरावं. भाजला काय नि तळला काय, मीठ तेवढंच. डाव्या बाजूच्या पदार्थांतला एकच निवडायचा असेल तर कोरडी चटणी निवडावी, चमचाभर. तिच्यावर तेलाची धार न घेता दही घालून कालवावी, मिठाचा खारटपणा पसरतो आणि कमी चटणीत भाकरी संपते. लोणचं वाढायच्या आधीच नको म्हणावं. ताटात पडलेलं लोणचं उठताना तसंच राहिलंय असं फार कमी ताटांत दिसतं. ताक मसाल्याचं येतं, म्हणजे मिठाचं. बिनमिठाचं मागितलं तर बहुतेक खानावळीत मिळतं, कारण मीठ-मिरची-कोथिंबीर शेवटी पडते.

‘फुल मील्स’ आणि ‘प्लेट मील्स’ असे दोन फलक असतील तर प्लेट घ्यावी. मर्यादा नसलेल्या ताटात भात वाढतो, उसळ वाढत नाही. प्लेटमध्ये एक जादा उसळ किंवा पालेभाजी विकत घेतली तर पैसे तेवढेच होतात आणि ताट सुधारतं. शेवटच्या भाताऐवजी दहीकांदा मागून बघा.

सावजी हॉटेलाचा आणि तांबड्या-पांढऱ्याचा विषय टाळून चालणार नाही. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात तर पाहुणा आला की तिकडेच नेतात. सावजी मसाला खसखस-खोबऱ्याचा, खमंग भाजलेला, आणि वर बोटभर तर्री. या तर्रीत ओतलेलं तेल असतं तशी मटणाची वितळलेली चरबीही असते. पांढरा रस्सा मवाळ दिसतो म्हणून आजारी माणसाला आग्रहानं पाजतात, पण तो आळणी पाण्यात नारळाचं दूध घालून होतो. आळणीत मटणाची चरबी उतरलेली, नारळाच्या दुधात वेगळी. तिखट नाही म्हणून हलका, हा गैरसमज पक्का बसलाय. आणि दोन्ही रस्से वाटी वाटी पिण्याचे, म्हणजे मिठाचा वरचा हिशेब इथे दुप्पट. जायचंच असेल तर सुकं मटण मागवावं, पायाचे किंवा मांडीचे कमी चरबीचे तुकडे सांगावेत, दिसणारी चरबी काढून बाजूला ठेवावी, रस्सा एकच वाटी, तोही वरची तर्री काढून. सोबत भाकरी. चपातीला तेल लावलेलं असतं. खिमा, खिमा उंडे, भेजा, वजडी या वस्तू हृदयविकाराचं निदान झालेल्यानं सोडून द्याव्यात हे बरं. कोंबडी घेणार असाल तर कातडीशिवाय.

मासे मात्र सोडू नयेत. घाटाखालून, गोव्या-कारवारकडून बेळगावात मासळी येते आणि माशाच्या थाळीची हॉटेलं आता शहरात भरपूर. बांगडा आणि तारली हे स्वस्तातले मासे ओमेगा-३ च्या बाबतीत महागड्या पापलेटापेक्षा सरस. सुरमई रवा फ्राय ऐवजी बांगडा, रवा न लावता, तव्यावर कमी तेलात असं सांगता येतं, कारण मासा ऑर्डरीनंतरच तव्यावर पडतो. रवा तेल धरतो, म्हणून तो नको. कढी-आमटीत नारळ असतो. वाटी अर्धी ठेवावी. खारा बांगडा, सुकट हे मात्र मिठातच मुरलेलं असतं, रक्तदाबवाल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

संध्याकाळी गाड्यावर उभं राहिल्यावर कढई समोर असते, त्यामुळे तपासणीही तिथेच करता येते. तेल काळपट, दाटसर, तळण टाकल्यावर फेस कढईभर पसरून बसत नाही, मंद आचेवरही धूर येतो, वास घशाला लागतो. यातलं दोन-तीन दिसलं तर पुढचा गाडा बघावा. असं तेल वारंवार तापून मोडलेलं असतं. नवं तेल वरून ओतलं तरी जुनं तिथंच असतं. कायद्यानं तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल मोडून तयार होणारे, २५ टक्क्यांपर्यंत चालतात, हा नियम जुलै २०१८ पासूनचा. पण गाड्यावर ते मोजायला कोण येतो? आपलं नाक हेच मोजमाप. मिरची भजीच्या पिठात सोडा जास्त पडला की भजी फुगते, सच्छिद्र होते आणि तेल आत ओढते. घाईत एकदम दहा-बारा भजी टाकल्या की तेलाचा ताव उतरतो, कवच उशिरा धरतं, आणि तेवढा वेळ तेल आत शिरत राहतं. गर्दीच्या वेळची भजी कागदाला जास्त डाग पाडते ती यामुळेच. गिरमिट घ्या. चुरमुरे, कांदा, चिंच, पुठाण्याचं पीठ आणि थोडी फोडणी, एवढंच. सोबतची भजी नको म्हणावी, किंवा दोघांत एक.

मिसळीत कट वेगळा मागवायचा, फरसाण निम्मं करायला सांगायचं, उसळ वाढवून घ्यायची. पावाचं तिसरं जोड सांगू नये, बस्स.

गोबी मंचुरीवर कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये बंदी आणली ती कृत्रिम रंगांवर. रंग गेला म्हणून पदार्थ हृदयाला मानवेल असं कुणी समजू नये. मैदा-कॉर्नफ्लोअरचं तळलेलं कवच आहेच, आणि एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. त्यात अजिनोमोटो, त्यात वरचं मीठ. फ्लॉवर ही भाजी आहे एवढ्यावर ती आरोग्याची होत नाही.

फॅमिली रेस्टॉरंटमध्ये पंजाबी कार्ड समोर आलं की ग्रेव्हीच्या पानावरून पुढे जावं. काजू-मगजची ग्रेव्ही सकाळची, वर क्रीम आणि बटर आत्ताचं. पनीर बऱ्याचदा तळून टाकलेलं. दाल, तडका अर्धा. तंदुरी रोटी, बटर न लावता. हे आधीच सांगावं, कारण भट्टीतून निघता क्षणी हात फिरतो. हिरवी कोशिंबीर, वर मीठ-चाट मसाला न भुरभुरता. पालक पनीरपेक्षा मिक्स व्हेज सुकी. जिरा राइस नको, साधा भात चालेल.

गोड म्हणाल तर कुंदा आटवलेल्या दुधाचा आणि साखरेचा, शंभर ग्रॅम सहज संपतो. दोन चमचे चाखावा आणि डबा घरी न्यावा, तिथे चार माणसं असतात. गोकाकचं करदंट गूळ, डिंक आणि सुक्यामेव्याचं असल्यानं त्यातल्या त्यात बरं म्हणतात. सुकामेवा चांगलाच, पण गूळही साखरच. लहान वडी एक.

औषधं चालू असणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी वेगळ्या. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीवर असलेल्यानं खानावळीत आज पालेभाजीच्या तीन वाट्या आणि आठवडाभर काहीच नाही असं करू नये. रोज साधारण सारखं प्रमाण ठेवावं, नाहीतर गोळीचा डोस चुकल्यासारखं होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यात रक्तातलं पोटॅशियम वाढतं. अशांनी ‘लो सोडियम’ मीठ खिशात घेऊन फिरू नये, कारण त्यात पोटॅशियमच असतं, आणि शहाळंही विचारून घ्यावं. हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे ज्यांना पाण्याचं माप दिलंय, त्यांनी ताक, सांबार, रस्सा, चहा हे सगळं त्या मापात धरावं.

जेवण जड झालं तर लगेच चढाचा रस्ता किंवा एसटी पकडायची धावपळ नको. भरल्या पोटी हृदयाला जास्त काम पडतं, आणि छातीचं दुखणं असलेल्या काहींना ते नेमकं तेव्हाच जाणवतं. सावजीतून उठल्यावर छातीत जळजळ झाली की पित्त म्हणून जिरा सोडा मागवायची आपल्याकडे पद्धत आहे. जळजळीबरोबर छातीवर दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर सोड्याची बाटली फुटेपर्यंत थांबू नये. बसवून ठेवावं, चालवत नेऊ नये, आणि १०८ ला फोन लावावा. कर्नाटकात आणि पलीकडे महाराष्ट्रातही नंबर तोच आहे. हद्दीजवळच्या ढाब्यावर असाल तर फोन कुठल्या राज्यात लागला ते आधी विचारून घ्यावं, आणि गावाबरोबर तालुक्याचं नावही सांगावं.